गणपूर्तीअभावी तहकूब

वाचनालयाच्या वार्षिक सभेची नोटीस बघा. तळाला एक ओळ हमखास असते : गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि त्या सभेला गणपूर्तीची अट राहणार नाही. पूर्वी ही नुसती खबरदारी होती. आता कित्येक ठिकाणी सभेची खरी वेळ तीच.

आपल्याकडची जुनी वाचनालयं बहुतेक लोकांनी चालवलेली. रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं. त्या काळात काही ठिकाणी इंग्रज अधिकाऱ्यांचा आधार होता, पण शतक संपेपर्यंत माणसांनी हे काम स्वतःच अंगावर घेतलं. 1893 मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं ते वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने. तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे. ‘महाराष्ट्र सारस्वत’ पुढे लिहायचं होतं. पाच वर्षांनी मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय आलं.

अशा संस्थांचे चिटणीस म्हणजे वकील, मास्तर, कारकून. कचेरी सुटली की येऊन कपाटं उघडायची, वर्गणीच्या पावत्या फाडायच्या. ही मंडळं सगळ्या गावाची होती असं मात्र कुणी सांगू नये. शिकलेल्या, वरच्या जातींतल्या पुरुषांचाच भरणा असायचा. पण इतिवृत्त लिहिणं, पै-पैचा हिशेब सभेत वाचून दाखवणं, ठरावाला विरोध करूनही संस्थेत टिकून राहणं, हे सगळं माणसं तिथे शिकली. मतदानाचा हक्क सगळ्यांना मिळण्याच्या कितीतरी आधी!

मग 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. अनुदान सुरू झालं, अ-ब-क-ड वर्ग आले, खेड्यापाड्यांत वाचनालयं निघाली. चांगलंच झालं. पण कायद्यात ग्रंथालय-कर ठेवला नाही, त्यामुळे सगळी भिस्त सरकारच्या तरतुदीवर. स्वयंसेवकाचं कामही बदललं. कोणती पुस्तकं घ्यायची यापेक्षा तपासणी, ऑडिट, अनुदानाचे कागद यातच संध्याकाळ जाते. त्यात संस्था विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली, म्हणजे कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. तरुण पोरं कामाला नाही म्हणत नाहीत हो, सहीला नाही म्हणतात. आणि मला त्यात त्यांची चूक दिसत नाही.

आजची पिढी स्वार्थी, हे रडगाणं म्हणूनच मला पटत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तेव्हा गाळ उपसायला ठिकठिकाणांहून माणसं धावली. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. त्याच्यातही पाणी शिरलं, पुस्तकांचा चिखल झाला. 2005 च्या पुरानंतर पुन्हा हेच! तरी ते उभं राहिलं, कारण मदत घ्यायला तिथे एक मंडळ जागेवर होतं.

गाळ दोन दिवसांत निघतो. मग दाखल-नोंदवही समोर घेऊन काय गेलं, काय उरलं याची खूण करत बसावं लागतं. देणगीची पावती फाडावी लागते, बँकेत दोन सह्यांचा चेक भरावा लागतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी, वर्षभर. त्याचा फोटो निघत नाही. आपल्या गावातल्या वाचनालयाची दुसरी सही सध्या कुणाची आहे आणि त्यांचं वय काय, एवढं जरा विचारून बघा.