मुमताज, जामखेड आणि आपली घरं

ताजमहालाचा पाठ आला की मुलं संगमरवराबद्दल लिहितात. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मुमताज वारली कशाने?"

उत्तराचा धागा आपल्या नगरपर्यंत येतो. नगरच्या निजामशाहीविरुद्धच्या मोहिमेसाठी शहाजहान बऱ्हाणपूरला तळ देऊन होता. तिथेच जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल वारली. मुलगी गौहरआरा जगली. बादशाही हकीम हाताशी होते, पण इलाज चालला नाही.

१९७० साली याच जिल्ह्यात, दुष्काळी जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. अनेकजणी दलित, निरक्षर. गरोदर बाईची तपासणी कशी करायची, सूज, रक्तस्राव, झटके, आडवं मूल ही धोक्याची लक्षणं कशी ओळखायची आणि बाईला वेळेत दवाखान्यात कसं पोचवायचं, हे त्या शिकल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बादशाही हकिमांना जे जमलं नाही, ते या बायकांना जमू लागलं, कारण त्या धोका आधीच ओळखत होत्या.

तरीही काही वेळा कठीण निर्णय समोर येतोच. माझ्या मामेबहिणीला पाचव्या महिन्यात रक्तदाबाचा गंभीर त्रास झाला. गर्भ काढला नाही तर हिचा जीव जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग फोन सुरू झाले. दुबईतला नवरा, सासरे, मामूजान, मौलाना. तीन तास गेले. तिला मात्र कुणी काही विचारलं नाही. अल्लाहच्या कृपेने ती वाचली.

ते तीन तास वाया घालवायची गरज नव्हती. चार महिन्यांनंतर गर्भपात नको, असं उलमा सांगतात, हे खरं. पण आईचा जीव धोक्यात असेल तेव्हाचा हुकूम वेगळा आहे. अल-अझहरचे शेख महमूद शलतूत यांनी आईला मूळ मानून तिचा जीव आधी वाचवायला सांगितलं. मक्केच्या फिक्ह परिषदेनेही १९९० मध्ये, विश्वासू डॉक्टरांच्या मंडळाने असा धोका सांगितल्यास, १२० दिवसांनंतरही परवानगी दिली.

आपला कायदाही स्पष्ट आहे. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या अहवालानंतर १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला. जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तर त्यात आठवड्यांची मर्यादा नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही लागत नाही.

घरात कुणी गरोदर असेल तर आजच बोलून ठेवा. धोक्याची लक्षणं कोणती, रात्री गाडी कुणाची, दवाखाना कोणता. आणि वेळ आलीच तर तिची इच्छा काय, हे तिलाच विचारा.