बुद्धीला धार लावणारी गणिते

गणित कसे शिकवावे हा प्रश्न आता केवळ शाळेपुरता उरलेला नाही, तो घराघरांत शिरला आहे. भाषेत रमणारे, खेळात चपळ असलेले मूल गणिताच्या तासाला मुके होते आणि 'याला गणिताचे डोके नाही' असा शिक्का त्याच्या कपाळी बसतो. हा शिक्का सहसा आयुष्यभर पुसला जात नाही. म्हणून तो मारण्यापूर्वी आपल्या आधीच्या गुरूंनी मुलांना गणिताकडे कसे वळवले, हे पाहणे उचित ठरेल.

इंग्लंडमधील यॉर्क येथील आल्क्विन हा डीकन इ. स. ७८२ च्या सुमारास शार्लमेन राजाच्या बोलावण्यावरून त्याच्या दरबारी शिक्षक म्हणून गेला. ७९६ मध्ये तो तूर येथील संत मार्टिन मठाचा अधिपती झाला आणि ८०४ मध्ये तेथेच निवर्तला. युवकांची बुद्धी तल्लख करण्यासाठी रचलेल्या प्रश्नांचा एक लॅटिन संग्रह परंपरेने त्याच्या नावावर आहे. त्यात पन्नासाहून थोडे अधिक प्रश्न आहेत. राजाला लिहिलेल्या एका पत्रात त्याने अंकगणिताची काही उदाहरणे मनोरंजनार्थ पाठवल्याचा उल्लेख आहे. त्यामुळे या परंपरेला बळ मिळते.

आपल्याकडे वाघ, शेळी आणि गवताचा भारा यांना नदीपार नेण्याचे कोडे मुलांना घालतात. या संग्रहात ते लांडगा, शेळी आणि कोबी अशा रूपात आहे. नावेत एका वेळी एकच वस्तू मावते. पलीकडे पोहोचवलेली शेळी पुन्हा अलीकडे आणल्याशिवाय ते सुटत नाही. मागे येणे हेही पुढे जाणेच असू शकते, हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही, ते त्याला स्वतःच उमगते. दुसऱ्या एका प्रश्नात शंभर पायऱ्यांची शिडी आहे. पहिल्या पायरीवर एक पारवा, दुसरीवर दोन, असे शंभराव्या पायरीवर शंभर पारवे बसले आहेत. एकूण किती? पहिली पायरी नव्याण्णवाव्या पायरीशी, दुसरी अठ्ठ्याण्णवाव्या पायरीशी जोडली की प्रत्येक जोडीचे शंभर होतात. अशा ४९ जोड्या, शिवाय एकट्या उरलेल्या पन्नासाव्या व शंभराव्या पायऱ्या, मिळून ५०५० पारवे. एका ठिकाणी तर तीनशे डुकरे तीन दिवसांत, दररोज विषम संख्येने मारावयास सांगितले आहे. तीन विषम संख्यांची बेरीज सम येत नाही, म्हणून हे गणित सुटतच नाही. 'हे अशक्य आहे' हेही एक उत्तर असते, हा धडा बाराशे वर्षांपूर्वीच्या वर्गात दिला जात होता.

मात्र या पद्धतीची एक उणीव नजरेआड करता येणार नाही. संग्रहात उत्तरे आहेत, पण रीत क्वचितच सिद्ध केलेली आहे. चार असमान बाजूंच्या शेताचे क्षेत्रफळ काढताना समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घेऊन गुणाकार केला आहे. ही रीत आयताला लागू पडते, इतर शेतांच्या बाबतीत ती फसते. इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी 'लीलावती'त नेमक्या याच जागी बोट ठेवले. कर्ण किंवा लंब न देता केवळ बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला, आणि उत्तर देणाऱ्यालाही, त्यांनी पिशाच्चाची उपमा दिली आहे. 'लीलावती'त आधी सूत्र येते, मग उदाहरण. पण ते उदाहरणही कोरडे नसते. भुंग्यांच्या थव्यातील पाचवा हिस्सा एका फुलावर, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, या दोहोंतील फरकाची तिप्पट तिसऱ्यावर जाते आणि एक भुंगा उरतो. भुंगे किती? पंधरा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाला मिळालेल्या दानांची नोंद चाळीसगावजवळील पाटणे येथील १२०७ च्या शिलालेखात आहे. ही परंपरा आपल्याच मातीतली आहे, ती अशी.

एकाने प्रश्नाने दार उघडले, दुसऱ्याने सूत्राचा दिवा हाती दिला. दोहोंपैकी एकावर भागत नाही. हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हा समन्वय चार पायऱ्यांत मांडला: प्रश्न समजून घ्या, योजना आखा, ती पार पाडा, आणि मागे वळून उत्तर तपासा. आपल्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हेच गणित शिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट मानले आहे.

प्रत्यक्षात मात्र पुष्कळ वर्गांत उदाहरण येते ते प्रकरणाच्या शेवटी, आणि तेही फळ्यावर सोडवून दाखवलेल्या नमुन्याबरहुकूम. तेथे मूल विचार करत नाही, अनुकरण करते. नमुना बदलला की ते अडते आणि आपण त्याच्या बुद्धीला दोष देतो. शिक्षकांनी व पालकांनी आठवड्यातून एकदा तरी रीत न सांगता एक प्रश्न मुलांपुढे ठेवावा, त्यांना चुकू द्यावे, वाद घालू द्यावा, आणि मगच सूत्राकडे न्यावे. धार लावण्यापूर्वीच पाते बोथट ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.