कळंबचा बस्ता: मुहूर्त भटजींचा, पैसा शेताचा

तुळशीचे लग्न लागले की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गावांत घरोघरी एकच प्रश्न फिरू लागतो: बस्ता कधी? मंचर आणि नारायणगावच्या मधले कळंब त्याला अपवाद नाही. सुपारी फुटलेली असते, याद झालेली असते, कार्यालय धरलेले असते. नवरीचा शालू, हळदीची पिवळी साडी, मामाकडची अष्टपुत्री, नवरदेवाचा शेला, वरमाईची साडी, करवल्यांचे कपडे, पाहुण्यांच्या टॉवेल-टोप्या आणि सगळ्यांत स्वस्त, पण ज्याच्यावाचून लग्न लागत नाही तो अंतरपाट, एवढे सगळे शक्यतो एकाच बैठकीत उरकायचे असते. बैठकीला दिवस कोणता चांगला, ते भटजी सांगतात. हातात पैसा कधी असेल, ते शेत सांगते. या भागातल्या बस्त्याचा इतिहास या दोन तारखांच्या ओढाताणीतून घडला आहे.

या बस्त्यात घुंगटाचे कापड नसते. उत्तरेसारखा चेहरा झाकणारा घुंगट इथल्या नवरीला नाही. डोक्यावरून पदर, कपाळावर मुंडावळ्या आणि मंगलाष्टके संपेपर्यंत दोघांच्या मध्ये धरलेले कापड, एवढाच तिचा आडपडदा. खानदानी मराठा घराण्यांत गोषा, म्हणजे पडदा, होता. पण शेतात राबणाऱ्या बाईला तो पाळून चालण्यासारखे नव्हते.

कापडासाठी आधी पैशाची तजवीज करायची, ही रीत या मुलखात फार जुनी. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यातल्या दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज होते आणि त्या व्याजातून वीस भिक्खूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळायचे. व्याज विणकरांनी द्यायचे आणि त्या पैशाचे कापड यायचे, असा हा व्यवहार होता. इकडे जुन्नरच्या लेण्यांतही बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख कोरलेले आहेत. नाणेघाटातून माल कोकणात उतरत होता. तेरचे कापड भडोचच्या बंदराकडे जात होते, हे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदले आहे.

पेशवाईत बड्या घरचा बस्ता म्हणजे सरकारी कामच. सवाई माधवरावाचे लग्न १७८३ मध्ये पुण्यात झाले, तेव्हा नाना फडणिसाने पाहुण्यांची सरबराई, पंगती, मानपान यांच्या लेखी यादी करवल्या होत्या. पैठणीचा तर पेशव्यांना सोसच होता. रंग आणि नक्षी सांगून वस्त्रे मागवणारी थोरल्या माधवरावाची पत्रे प्रसिद्ध आहेत. तालेवार घरांची मागणी हातमागावर जायची आणि जरीचे वस्त्र मागावरून उतरायला महिनोन्महिने लागत. त्यामुळे शालू-पैठणीचा विचार मुहूर्ताच्या कितीतरी आधी करावा लागे.

कुणब्याच्या घरात ही चैन नव्हती. तिथे बस्त्याची तारीख सावकाराच्या वहीत ठरायची. बी-बियाणे, मीठमिरची आणि लुगडे अनेकदा एकाच वाण्याकडून उधारीवर यायचे आणि हिशेब सुगीला व्हायचा. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा उद्रेक झाला, दुकाने लुटली गेली, कर्जखते जाळली गेली. महिना वैशाखाचा, म्हणजे ऐन लगीनसराईचा. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे हा प्रश्न आलाच, कारण ‘कुणबी लग्नापायी बुडतो’ असे साहेबापासून शेटजीपर्यंत सगळेच म्हणत होते. आयोगाला ते पुरते पटले नाही. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने जास्त असला तरी असे प्रसंग क्वचित येतात, कर्जाचे मूळ तिथे नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कापडाचा डाग शेतकऱ्याच्या कपाळावरून पुसणारा हा सरकारी कागद फारसा कोणी लक्षात ठेवला नाही.

खर्च कमी करायची भाषा गावातूनही आली. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिले सत्यशोधक लग्न लावले. पुढच्या दशकात ते लोण जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला पोचले. तिथल्या बाळाजी कुसाजी पाटलांनी जोशाविना लग्न लावल्यावर ग्रामजोशांनी हक्काच्या दक्षिणेसाठी कोर्ट गाठले. वाद दक्षिणेचा होता, पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न होता: जोशीच नसेल, तर दिवस कोणी काढायचा?

मग मुंबई आली. जुन्नर-आंबेगावची माणसे गिरण्यांत, गोदीत, डबे पोचवण्याच्या धंद्यात शिरली आणि बस्त्याला तिसरे पंचांग मिळाले: मुंबईकराची रजा. तो जत्रेला किंवा मे महिन्यात गावी यायचा, येताना पत्र्याच्या ट्रंकेत लुगडी आणायचा. १८७४ साली उभे राहिलेले मूळजी जेठा हे कापडाचे मार्केट गिरणगावापासून लांब नव्हते. अशाच मुंबईकरांपैकी एक बाबू गेनू. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला विलायती कापडाची लॉरी अडवताना तिच्याखाली सापडून तो गेला. विलायती कापडावरचा बहिष्कार त्या काळात लग्नघरांपर्यंत पोचला होता. खादीत लागलेल्या लग्नांचे कौतुक व्हायचे.

त्याच वर्षी १ एप्रिलला सारडा कायदा अमलात आला. मुलीचे वय किमान चौदा, मुलाचे अठरा. कायदा सप्टेंबर १९२९ मध्येच मंजूर झाला होता आणि मधल्या महिन्यांत देशभर लहान मुलांची लग्ने उरकून घेण्याची धांदल उडाली. तोवर चिमुरड्या नवरीला चिरडीवर भागत होते. वय वाढले तसे पुरते लुगडे आले आणि बस्त्याचा आकडाही वाढला.

एका नऊवारीला आठ मीटरहून जास्त कापड लागते. दुसऱ्या महायुद्धात नेमके तेच मिळेनासे झाले. १९४३ मध्ये कापड आणि सुतावर सरकारी नियंत्रण आले, पुढे रेशनिंग झाले. मुहूर्त निघालेला, पैसा गाठीला, आणि दुकानात लुगडेच नाही, अशी गत. १९४८ च्या जानेवारीत नियंत्रण उठले, भाव भडकले आणि वर्ष सरायच्या आत ते पुन्हा लावावे लागले. नऊवारी मागे पडून सहावारी आली त्याला शाळा, शहर, नोकरी अशी बरीच कारणे आहेत. कापडाची ही टंचाईही त्यात धरायला हवी.

पाणी आले आणि हिशेब पालटला. घोड नदीवर डिंभे धरण झाले. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या अंगणातली. बाजरीच्या सुगीवर टेकलेला बस्ता आता उसाच्या बिलावर, मार्च-एप्रिलमध्ये निघणाऱ्या उन्हाळी कांद्यावर आणि नारायणगावच्या टोमॅटो बाजारावर टेकला. ऊस कारखान्याला पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते वेळेवर आले की नाही, यावर किती घरांतले शालू ठरले असतील.

२०२३ हे साल या ओढाताणीचा नमुना म्हणून पाहावे. जुलैत टोमॅटोचे क्रेट दोन हजारांच्या वर गेले. पण आषाढी होऊन गेली होती, चातुर्मास लागला होता, त्यात अधिक श्रावण. पैसा होता, मुहूर्त नव्हता. नोव्हेंबरच्या शेवटी तुळशीची लग्ने लागली, सराई सुरू झाली आणि ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. भाव कोसळले. आता मुहूर्त होता.

दुकानातली बैठक मात्र फारशी बदललेली नाही. मंचरला असो, नारायणगावला की पुण्याच्या लक्ष्मी रोडवर, दोन्हीकडची माणसे जीप भरून येतात. पांढऱ्या गादीवर बायका पुढे, पुरुष भिंतीला टेकून, याद एखाद्या शिकलेल्या पोराच्या हातात. अनेक घरांत पहिली साडी कुलदेवीची निघते, तिला हळदकुंकू लागते, मग नवरीची. “शेठ, नवरीचं आधी दाखवा, आमचं मागनं बघू,” असे आत्या म्हणते आणि स्वतःच मागच्या फळीवरच्या जांभळ्या साडीकडे बोट करते. घडी मोडली जाते, पदर नवरीच्या खांद्यावर टाकून आरसा धरला जातो. दोन तासांनी चहा येतो, साडेतीन तासांनी भावावरून ताणाताणी होते आणि अंतरपाटाचे कापड गठ्ठा बांधताना कोणाला तरी आठवते.

अलीकडे स्वागतसमारंभाला घागरा आणि डोक्यावर जाळीची ओढणी आली आहे. ज्या घुंगटाला इथे जागा नव्हती, तो फोटोपुरता शिरला. त्यामुळे वेळेचे गणितही बदलले. ब्लाउज शिवणारीकडे सराईत नंबर लागत नाही, फॉल-पिको अडून राहते, घागऱ्याचे माप दोनदा द्यावे लागते. लग्नाच्या आठवड्यात बस्ता बांधण्याचे दिवस गेले. महिना-दीड महिना हाताशी ठेवला तर धावपळ होत नाही.

पेशव्यांच्या लग्नाच्या यादी दप्तरात राहिल्या. कळंब, ओतूर, महाळुंग्यातल्या लग्नांच्या यादी वहीच्या पानांवर लिहिल्या गेल्या आणि वरात परतल्यावर चुलीत गेल्या. घरातल्या जुन्या ट्रंकेत अशी एखादी याद, एखादे कापडदुकानाचे बिल असेल तर फेकू नका. त्यावर साल घाला, लुगड्याचा भाव नीट वाचता येतो का बघा, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी किंवा निदान गावच्या शाळेत त्याची एक प्रत द्या.