ठिगळ नीट लावता आले पाहिजे

हजरत अली हुजवेरी यांना लोक 'दाता गंजबख्श' म्हणून ओळखतात. अकराव्या शतकात ते लाहोरला आले आणि तिथेच त्यांची मजार आहे. त्यांच्या 'कश्फुल महजूब' या फारसी ग्रंथात एक पूर्ण प्रकरण ठिगळांच्या झग्यावर आहे. अशा झग्याला 'मुरक्का' म्हणत. त्या प्रकरणात एक प्रसंग येतो. तूस शहरात हुजवेरींनी शेख अबुल कासिम गुरगानी यांना विचारले, की दरवेश म्हणवून घ्यायला किमान काय यायला हवे? शेखांनी तीन गोष्टी सांगितल्या. ठिगळ नीट लावता आले पाहिजे, नीट ऐकता आले पाहिजे आणि जमिनीवर पाय नीट टाकता आला पाहिजे.

सोबतचे दरवेश याचे आपापले अर्थ लावू लागले. हुजवेरींना पटलेला अर्थ असा, की गरजेपोटी लावलेले ठिगळ तेच नीट. मग टाका वाकडा पडला तरी तो सरळच समजायचा. दिखाव्यासाठी लावलेले ठिगळ कितीही सुबक असले तरी ते चुकलेलेच.

हा प्रसंग वाचला की मला संगमनेरच्या घरोघरी पसरलेल्या गोधड्या आठवतात. गरजेपोटी, नीट, आयुष्यभर ठिगळे लावणारी माणसे त्या घरांत होती. त्यांना कुणी दरवेश म्हटले नाही.

खिरक्याचा मान

सुफींच्या इतिहासात कपड्याला मोठे स्थान आहे. पीर आपल्या खलिफाला खिरका देतो, म्हणजे आपला वारसा सोपवतो. दिल्लीचे हजरत नसीरुद्दीन चिराग यांनी १३५६ साली वफात होण्यापूर्वी आपला खिरका कुणालाही दिला नाही, तो त्यांच्यासोबत दफन झाला. एका जुन्या झग्यावरून एक सिलसिला संपल्याची चर्चा आजही इतिहासकार करतात.

दख्खनमध्ये हा मान खुलताबादने जपला. मुहम्मद तुघलकाच्या काळात दिल्लीहून दौलताबादला आलेल्या सुफींमध्ये हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब होते. त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यात पैगंबर साहेबांचा म्हणून जपलेला 'पैराहन' आहे आणि रबीउल अव्वलच्या बारा तारखेला त्याच्या दर्शनासाठी गर्दी होते. आमच्या जवळच्या शिर्डीत साईबाबांची कफनी अशीच जपून ठेवली आहे.

संगमनेरलाही फकिरांची सोबत जुनी. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) याच गावचे. त्यांचे 'फंदी' हे नाव मलक फंदी नावाच्या फकिरामुळे पडले, असे सांगतात. गुदडी पांघरून दारोदार फिरणारा फकीर आपल्या लोककथांत, शाहिरीत आणि म्हणींत सगळीकडे भेटतो. ती गुदडी शिवणारी बाई मात्र कुठेच भेटत नाही.

खरे तर शिवणकाम हे कमी दर्जाचे काम असल्याची समजूत आपल्या धर्मपरंपरेत बसत नाही. पैगंबर (स.) घरात काय करत, असे विचारल्यावर हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले, की ते घरकामात मदत करत, स्वतःचे कपडे शिवत आणि चपला सांधत. आपल्या मराठी मुलखात संत नामदेव शिंपी होते. सुई हातात धरणाऱ्याला संतपद मिळू शकते, हे दोन्ही परंपरांना मान्य आहे. घरातल्या सुईपर्यंत तो मान पोहोचायचा राहिला.

विणकरांचे गाव

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेले संगमनेर हे हातमागाचे गाव. इंग्रजांच्या काळात अहमदनगर, भिंगार यांच्याबरोबर संगमनेरची लुगडी बाजारात जात. साळी, पद्मसाळी, मोमीन अशा विणकर जमाती या धंद्यात होत्या. मोमीनपुरा हे मोहल्ल्याचे नावच त्याची साक्ष देते.

लुगड्याचे आयुष्य मोठे असे. नवे असताना सणाला, मग रोजच्या नेसण्याला आणि विरल्यावर गोधडीला. सुती लुगडे जितके धुतले जाई तितके मऊ होई, म्हणून गोधडीला नवे कापड चालत नसे. गावाकडच्या मुसलमान बायकाही लुगडीच नेसत. त्यामुळे घरातली जुनेरी असतच, शिवाय बोहारणीच्या फेऱ्या आणि आठवडी बाजार होता. बोहारीण भांडी देऊन जुने कपडे घ्यायची आणि ते दुसऱ्या वस्तीत विकायची. एका आळीतल्या बाईचे इरकली लुगडे दुसऱ्या आळीतल्या घरात अस्तर म्हणून जायचे. कोणाच्या गोधडीत कोणाचे लुगडे आहे, हे शिवणारीलाही माहीत नसे. हिंदू-मुस्लिम सहजीवनावर आपण भाषणे खूप ऐकली. त्याचा असा शिवलेला पुरावा अनेक घरांच्या माळ्यावर पडून आहे.

गोधडीची रीत साधी. जमीन सारवून किंवा पुसून घ्यायची, खाली लुगडे अंथरायचे, त्यावर धोतर, सदरे, चिंध्या यांचे थर लावायचे आणि वरून चांगले कापड. कडा आत दुमडायच्या. मग काठापासून धावदोरा घालत चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचे. बाळासाठी दुपटे, चार घड्यांची चौघडी, थंडीसाठी जाड वाकळ, असे प्रकार. आमच्या दखनी बोलीत हीच गुदडी.

आमच्या घरी माझी नानी बिस्मिल्लाह म्हणून पहिला टाका घालायची आणि दुरूद पुटपुटत ओळ पुरी करायची. नाना गेल्यावर त्यांचे कपडे रीतीप्रमाणे गरजूंना दिले. एक सदरा तेवढा तिने ठेवला. तो पुढे एका गुदडीत आला, वरच्या थरात नव्हे, आतल्या. बाहेरून दिसत नव्हता. ती कुठे हात ठेवून झोपते यावरून आम्हाला तो कुठे आहे ते कळायचे.

जात्यावरचा जिक्र

बायकांच्या कामात इबादत असते, हे दख्खनी सुफींनी ओळखले होते. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी 'सुफीज ऑफ बिजापूर' (१९७८) या पुस्तकात सुफींच्या दखनी लोकरचनांचा अभ्यास केला आहे. चक्कीनामा जात्यावर म्हणायचा, चरखानामा सूत काततांना, लोरीनामा बाळाला झोपवताना. हाताच्या लयीला जिक्राची लय जोडलेली. जात्याच्या खुंट्याला अलिफची उपमा दिलेली. ईटन यांच्या मते दख्खनच्या गावांत सुफी विचार पसरला तो अवघड ग्रंथांमुळे नाही, तर बायकांच्या तोंडी बसलेल्या या गाण्यांमुळे. आईने ते गाणे म्हटले आणि मुलांनी ऐकले.

त्या यादीत गोधडीनामा नाही. जाते आणि चरखा यांना शब्द मिळाले. गोधडीला मिळाले ते फक्त टाके.

हे टाके वाचायला शिकायचे तर कर्नाटकात जावे लागेल. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात राहणारे सिद्दी हे आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज. त्यांतले बरेच जण गोव्याच्या पोर्तुगीज गुलामगिरीतून निसटून जंगलात स्थिरावले. आपल्याला हबशी म्हटले की निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आठवतो. संगमनेरचा प्रदेश त्याच निजामशाहीतला. सिद्दी बायका जी गोधडी शिवतात तिला 'कवंदी' म्हणतात. तीही काठापासून सुरू होऊन मध्याकडे जाते. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी कापडांची 'फुले' लावतात. फुलाशिवाय कवंदी उघडी समजली जाते. मुस्लिम सिद्दींच्या कवंदीत चंद्रकोर येते, ख्रिस्ती सिद्दींच्या कवंदीत क्रूस. टाका मात्र एकच.

बंगालमध्ये जसीमुद्दीन यांनी १९२९ साली 'नक्शी काँथार माठ' हे काव्य लिहिले. त्यातली साजू ही मुसलमान शेतकऱ्याची बायको. नवरा परागंदा झाल्यावर ती आपली सगळी कहाणी गोधडीवर शिवते आणि ती आपल्या कबरीवर अंथरायला सांगते. दूर अमेरिकेत अलाबामाच्या जीज बेंड गावी, १९४२ साली, मिसूरी पेटवे या कृष्णवर्णीय बाईने वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण ठेवायची आणि प्रेमाने पांघरायची म्हणून. साठ वर्षांनी, २००२ साली, जीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली.

भिंतीवरची आणि अंगावरची

आता आपल्याकडेही गोधडीला बरे दिवस येत आहेत. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केले. शहरांत प्रदर्शने भरतात, बचत गट गोधड्या विकतात, काही कलाकार भिंतीवर टांगायच्या गोधड्या बनवतात. यात वाईट काही नाही. शिवणाऱ्या हाताला पैसे मिळत असतील तर ते मिळालेच पाहिजेत. एकीकडे सुती लुगडी संपली, सिंथेटिक साड्या आल्या आणि कारखान्यातले ब्लँकेट स्वस्त झाले. दिवसभर बिडी वळून रात्री सुई हातात घेणाऱ्या बायकांची पिढी संगमनेरात आता थोडी उरली आहे.

पण प्रदर्शनात गोधडीखाली प्रांताचे नाव असते, शिवणारीचे अनेकदा नसते. तीच जुनी चूक नव्या जागी होते. खिरक्याची परंपरा आपण नावानिशी सांगतो. कुणाकडून कुणाला, कोणत्या साली. गोधडीही आईकडून लेकीला जाते, पण तिचा सिलसिला कुणी लिहीत नाही. त्यात भर अशी, की खिरका पेटीत राहतो आणि गोधडी वापरून झिजते. शिवणारी गेली आणि गोधडीही फाटली, की मागे काहीच उरत नाही.

त्यावर उपाय फार मोठा नाही. घरात जुनी गोधडी असेल तर ती भांडी पुसायला काढण्याआधी अम्माला, खालाला, मोठ्या भावजयीला विचारून घ्या. कुणी शिवली, कोणत्या साली, कुणाचे लुगडे, कुणाचा सदरा. एका पांढऱ्या पट्टीवर ते लिहून कोपऱ्याला टाका. टाका वाकडा पडला तरी चालेल.