पश्चिम सहारा : यादी झाली, नोंद राहिली

संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमांचे ठराव वाचण्याची मला जुनी सवय आहे. अर्थसंकल्पाप्रमाणे तेथेही काय वगळले आहे ते आधी शोधावे लागते. पश्चिम सहारा हे त्याचे ठळक उदाहरण.

1975-76 मध्ये स्पेनने अटलांटिक किनाऱ्यावरची ही वसाहत सोडली, तेव्हा मोरोक्को आणि मॉरिटानिया यांनी ती वाटून घेतली. पोलिसारिओ ही सहरावी संघटना दोघांशीही लढली. मॉरिटानियाने 1979 मध्ये अंग काढून घेतले. हजारो कुटुंबे अल्जीरियातील तिंदूफच्या छावण्यांत गेली. पुरुष आघाडीवर असल्याने तेथील शिधावाटप, दवाखाने, शाळा यांचा भार मुख्यतः स्त्रियांनी वाहिला. (भारताने सहरावी प्रजासत्ताकास 1985 मध्ये मान्यता दिली आणि 2000 मध्ये ती काढून घेतली, याचा आपल्याकडे विसर पडला आहे.)

1991 मध्ये शस्त्रसंधी झाली व सार्वमतासाठी ‘मिनुर्सो’ ही मोहीम आली. मतदार ठरवण्याचा आधार होता 1974 ची स्पॅनिश जनगणना. तीत सुमारे 74,000 सहरावी नोंदलेले. पात्रतेच्या पाच निकषांपैकी एक असा : प्रदेशात जन्मलेल्या सहरावी पित्याचे अपत्य. मातेसाठी तसा निकष नव्हता. जनगणनेत नाव असलेल्या आईची मुले कुटुंबीय म्हणून येऊ शकत. परंतु केवळ जन्मस्थानावरून मिळणारा हक्क पित्याकडूनच येई. वंशशाखांच्या शेखांच्या साक्षी वर्षानुवर्षे चालल्या. 2000 च्या आरंभी 86,000 हून काही अधिक नावांची तात्पुरती यादी सिद्ध झाली, तिच्यावर सुमारे 1,30,000 अपिले आली आणि सार्वमत तेथेच रुतले.

एवढी मोजणी करणाऱ्या मोहिमेला मानवी हक्कांवर देखरेख करण्याचा अधिकार मात्र दिलेला नाही. अमिनातू हैदर यांना 1987 मध्ये अटक झाली व 1991 पर्यंत गुप्त कोठडीत ठेवण्यात आले. नोव्हेंबर 2009 मध्ये अल-अयून विमानतळावरील प्रवेशपत्रावर त्यांनी मोरोक्कोऐवजी ‘पश्चिम सहारा’ लिहिले. पारपत्र काढून घेऊन त्यांना स्पेनच्या लांझारोते बेटावर धाडण्यात आले. तेथील विमानतळावर त्यांनी 32 दिवस उपोषण केले, तेव्हा कोठे त्यांना घरी परतता आले. कागदावरचा एक रकाना एवढा महाग पडू शकतो, हे माझ्यासारख्या कारकुनी पेशातल्या माणसाला विशेष जाणवते.

एप्रिल 2013 मध्ये अमेरिकेने देखरेखीचे कलम सुचवले. मोरोक्कोने अमेरिकेबरोबरचा लष्करी सराव रद्द केला, कलम गळाले. पुढे सुरक्षा परिषद मोरोक्कोच्याच राष्ट्रीय मानवाधिकार परिषदेच्या अल-अयून व दाखला येथील कार्यालयांची प्रशंसा करीत राहिली. ज्याची तपासणी व्हायची, त्याच्याच शासनाचे लेखापरीक्षण प्रमाण मानण्यासारखेच हे. 2015 नंतर मानवी हक्क उच्चायुक्तांच्या कार्यालयाला त्या प्रदेशात जाऊ दिलेले नाही.

आणि हे एकाच बाजूला लागू आहे असे कोणी समजू नये. स्पेनमध्ये राहून आलेल्या काही सज्ञान तरुणींना तिंदूफच्या छावण्यांत कुटुंबीयांनी इच्छेविरुद्ध रोखून ठेवल्याची प्रकरणे ह्यूमन राइट्स वॉचने मांडली होती. त्यांची तक्रार लिहून घेण्याचा अधिकारही मिनुर्सोपाशी नव्हता.

नोव्हेंबर 2020 मध्ये शस्त्रसंधी मोडली. 31 ऑक्टोबर 2025 च्या ठरावाने, क्रमांक 2797, मोरोक्कोची स्वायत्तता योजना वाटाघाटींचा पाया मानली आणि मिनुर्सोला आणखी एक वर्ष दिले. देखरेखीचे कलम त्यातही नाही.