अनिमिषांची नीज

संस्कृत कोशकार ‘अनिमिष’ ह्या शब्दाचे दोन अर्थ देतात : देव आणि मासा. ज्याची पापणी लवत नाहीं तो अनिमिष. देवांच्या पंक्तीला बसण्याचा मान माशाला केवळ पापण्या नसल्यामुळें मिळाला, हें ध्यानांत आलें म्हणजे थोडी मौज वाटते. मदुरेच्या मीनाक्षीचें नांव उलगडतांना भाविक सांगतात कीं, मासोळी जशी अखंड दृष्टीनें पिलांना जपते, तशी ती भक्तांना जपते. चीन-जपानांतील बौद्ध मठांत पठणाच्या वेळीं माशाच्या आकाराचें लांकडी वाद्य वाजवितात, तेंही ह्याच समजुतीनें. मासा डोळा मिटत नाहीं. तेव्हां भिक्षूनेंही जागें असावें.

मी हें सारें वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों, आणि “मासा कधीं झोपत नाहीं” हें एक वाक्य पदरचें जोडीत आलों. तें चुकीचें आहे, हें मला खारबावास कळलें. भिवंडी तालुक्यांतील ह्या गांवाकडे वसईची खाडी आहे; घाटावरून निघालेली उल्हास नदी येथवर येतां येतां खारट होऊन जाते. एका सायंकाळीं खाजणाच्या बांधावर एका वृद्ध कोळ्याजवळ मीं माझी मीनाक्षी-कथा सांगितली. ते हंसले. “म्हावरं निजतं, मास्तर. डोल्याला झाकन नाय, म्हनून काय नीज नाय का?” अंधार पडल्यावर त्यांनीं बांधाच्या आंतील निवळ डबक्यावर विजेरी धरली. तळाशीं टेंकून एक मासा निश्चल होता. शेपटी मात्र किंचित् हलत होती. “डोल्याकडं नका बघू, शेपटाकडं बघा,” असें ते म्हणाले.

घरीं येऊन ॲरिस्टॉटलचा प्राणिविषयक ग्रंथ पुन्हां काढला, आणि खजील झालों. इ. स. पूर्व चौथ्या शतकांत त्यानें नेमकें हेंच लिहिलें आहे : माशांना पापण्या नसल्या तरी ते झोपतात; तळाशीं वाळूंत किंवा दगडाच्या आडोशास स्थिर राहतात, शेपटी तेवढी हलते; अशा वेळीं ते हातानेंही धरतां येतात. हा पुरावा पुस्तकी नव्हे, मासे धरणाऱ्यांचा आहे. आपल्याकडेही असें ज्ञान नव्हतें, असें कोणीं समजूं नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासां’त ‘मत्स्यविनोद’ नांवाचें प्रकरण आहे; माशांच्या जाती, त्यांचीं आमिषें, गळ टाकण्याच्या रीती असा मजकूर त्यांत आहे. सुंदरलाल होरा ह्या मत्स्यशास्त्रज्ञांनीं १९५१ सालीं त्यावर लेख लिहिला. राजानें हें सारें स्वतः पाण्यांत उभें राहून शोधलें असेल, असें मला वाटत नाहीं. ज्यांनीं त्याला सांगितलें, त्यांचीं नांवें इतिहासांत उतरलीं नाहींत. आमच्या पंडितांनीं माशाचा डोळा पाहिला. शेपटी पाहिली ती धीवरांनीं.

अर्वाचीन शास्त्रानें त्यांचीच साक्ष खरी ठरविली आहे. २००७ सालीं झेब्राफिश नांवाच्या लहानशा माशावरील प्रयोग प्रसिद्ध झाले. अंधारांत त्याची नीज मोडली, तर पुढें तो ती अधिक झोपून भरून काढतो. सतत उजेडांत ठेविला, तर मात्र तो झोपतच नाहीं, आणि मागाहून तूटही भरून काढीत नाहीं. भिवंडीच्या गुदामांचे रात्रभर जळणारे दिवे पाहतांना हें हटकून आठवतें. २०१९ सालीं ह्याच माशाच्या मेंदूंत आपल्या निद्रेच्या अवस्थांशीं जुळणाऱ्या दोन निद्रावस्था आढळल्या. माशाचें आणि आपलें पूर्वज-नातें पंचेचाळीस कोटि वर्षांपूर्वीं तुटलें असें मानतात. निद्रा त्याहूनही जुनी असावी, असा तर्क त्यावरून निघतो.

सर्वांची नीज मात्र सारखी नाहीं. प्रवाळांतील कांहीं पोपटमासे रात्रीं अंगाभोंवतीं चिकट स्रावाची मच्छरदाणी विणतात. तिच्यामुळें रक्त शोषणाऱ्या बारीक किड्यांपासून रक्षण होतें, असें २०१० सालीं दिसून आलें. मेक्सिकोच्या गुहांतील आंधळे मासे आपल्या डोळस भाऊबंदांच्या मानानें अगदींच थोडें झोपतात. कांहीं शार्कांना तर पापणीसारखा पडदाही असतो.

आणि ज्या निवट्या खाडीच्या चिखलांत उड्या मारीत असतात, बाजारांत वाट्यांनीं विकल्या जातात, त्यांच्या जातीचे मासे डोळे आंत ओढून चक्क मिचकावितात ! त्यांच्या ह्या सवयीवर २०२३ सालीं मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘अनिमिष’ शब्दाला अपवाद शोधण्यास खाडीकांठच पुरेसा होता; मी कोश चाळीत बसलों होतों.

जूनमध्यें वर्ग सुरू झाले, तेव्हां मीं टिपणांतील तें एक वाक्य खोडलें. मीनाक्षीची कथा तशीच ठेवली आहे. तिच्या शेजारीं आतां खारबावाच्या त्या म्हाताऱ्यांची गोष्टही सांगतों.