मिरजेचा तंबोरा, साताऱ्याची श्रुती-पेटी आणि परदेशी व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर : नादाच्या तीन यंत्रांची कथा

१/ गिटारवादकांत एक वाद कधी संपत नाही : छोट्या कारखान्यात, मोजक्या संख्येने, हाताने जोडलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांपैकी कोणाचा आवाज सरस? नेमका असाच वाद सांगली-सातारा पट्ट्यात शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. फरक इतकाच की तेथे विजेच्या नळीच्या जागी भोपळा आहे. आजचा धागा या वादाविषयी.

२/ प्रारंभ मिरजेपासून. सन १८५० च्या सुमारास येथील शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब आणि त्यांच्या बंधूंनी तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारे कारागीर. मराठी राज्य लयास गेले, तलवारीची मागणी ओसरली; परंतु हातातील कसब तसेच राहिले. ते कसब लाकूड आणि तार यांकडे वळले. पुढे हे घराणे ‘सतारमेकर’ याच आडनावाने ओळखले जाऊ लागले.

३/ कारागीर असून भागत नाही, जाणकार गिऱ्हाईकही लागते. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने मिरजेत ते होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहून शिकवीत. विष्णु दिगंबर पलुसकर हे त्यांचे येथीलच शिष्य. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनीही अखेर मिरज हेच घर मानले. १९३७ साली ते निवर्तले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. असे कान समोर असताना बेसूर वाद्य खपणे अशक्यच होते.

४/ आता वाद्याकडे वळू. तंबोऱ्याचा भोपळा येतो शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढा भागातून. तो खाण्याच्या जातीचा नव्हे; जाड सालीचा, कडू, महिनोन्महिने वाळवावा लागणारा. दांडी व तबली बहुधा तुणीच्या लाकडाची. पुरुषी आवाजासाठीचा तंबोरा सुमारे पाच फुटांचा, बायकी त्याहून आखूड. पुरुष गायक साधारणतः काळी एकच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास. भोपळ्याचा घेर आणि तारेची लांबी त्यानुसार ठरते.

५/ मात्र दोन तंबोऱ्यांची खरी तुलना होते ती जवारीवर. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा धारदार नसतो. तो किंचित उताराचा, रुंद असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर घासत, टेकत, सुटत राहते. तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवून ही टेक नेमकी केली जाते. दोरा केसभर सरकला की आवाज खुलतो किंवा मिटतो. कानशीने घोडीचा उतार साधणे यालाच ‘जवारी काढणे’ म्हणतात, आणि ते काम मापाने होत नाही, कानाने होते.

६/ हे भौतिकदृष्ट्या किती विलक्षण आहे, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा युरोपातील मान्य नियम. तंबोरा आणि वीणा हा नियम सरळ मोडतात. ते उपस्वर स्पष्ट ऐकू येतात. कारण हीच घोडी. तारेच्या ऊर्जेची वाटणी ती क्षणाक्षणाला बदलत राहते.

७/ उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. खर्जाची तार सेकंदाला १०० कंपने देते असे धरा. तिच्यातच २०० (षड्ज), ३०० (पंचम), ४०० (षड्ज) आणि ५०० हे उपस्वर दडलेले असतात. ५०० म्हणजे गंधार. चारही तारांपैकी एकही गंधारात लावलेली नाही, तरी उत्तम जवारीच्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो. गायक त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात.

८/ येथे प्रवेश होतो साताऱ्याचा. युरोपातून आलेल्या हार्मोनियममध्ये सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. तिचा पंचम जवळजवळ बरोबर. परंतु गंधार ५०० ऐवजी सुमारे ५०४ वर. तंबोऱ्याशेजारी ती वाजली की सेकंदाला चार आंदोलने कानाला बोचतात. ही बोच दूर करण्याचा ध्यास दोघांनी घेतला : निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायखात्यातील इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स.

९/ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक श्रुतीचे गणिती गुणोत्तर त्यात मांडले होते, आणि या प्रयोगांत त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य झाले. १९११ साली साताऱ्यात ‘फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झाली. इंग्लंडमधील कीथ मूर यांच्याकडून श्रुतींसाठी जादा स्वरपट्ट्यांची खास हार्मोनियम बनवून घेण्यात आली. आजच्या भाषेत सांगायचे तर तेही मोजक्या संख्येचे, जाणकारांसाठीचे वाद्य!

१०/ १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ही पेटी विद्वानांपुढे आली. ती मान्य झाली नाही. गणित चुकले म्हणून ती हरली, असे म्हणता येत नाही. तिचा गंधार तंबोऱ्याच्या गंधाराशी जुळविता येत होता. अडचण अशी की रागातील स्वर एका ठिकाणी उभा राहत नाही. तो मींडेतून येतो, आंदोलनात राहतो, आरोहात एक आणि अवरोहात दुसरा भासतो. पट्टी कितीही वाढविल्या तरी प्रत्येक पट्टी हा एक थांबाच.

११/ तंबोऱ्याचे शहाणपण येथे दिसते. तो गायकाला बावीस स्वर देत नाही. तो षड्ज देतो, पंचम देतो आणि उपस्वरांचे एक आकाश उभे करतो. त्यात आपली जागा गायकाने स्वतः शोधायची. हार्मोनियमचा वाद पुढेही मिटला नाही. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती शिथिल होण्यास १९७१ साल उजाडले.

१२/ आता समुद्रापलीकडे. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात अमेरिकी फेंडर बॅसमनच्या आराखड्यावरून नवा ॲम्प्लिफायर तयार झाला. पुढे कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी मेसा बूगीमध्ये व्हॉल्व्हचा एक टप्पा दुसऱ्याला जोडला. पहिल्या टप्प्याने फुगविलेला संकेत दुसऱ्यास पेलवेना; लहरींचे माथे दबले आणि मूळ तारेत क्षीण असलेले उपस्वर उसळून वर आले. वापरातील नेहमीची १२एएक्स७ ही नळी; तिचा प्रवर्धनांक १००.

१३/ साम्य लक्षात आले का? घोडीचा उतार आणि तापलेली नळी, दोन्ही मूळ लहर जशीच्या तशी पुढे धाडत नाहीत. तिला वाकवून श्रीमंत करतात. म्हणून रॉक गिटारवादक अशा ॲम्प्लिफायरवर बहुधा षड्ज-पंचमाचीच जोडी छेडतात. ४०० आणि ६०० एकत्र वाकले की त्यांच्या फरकातून २०० चा खालचा षड्ज निर्माण होतो, सारे जुळते. समान भागांचा ५०४ चा गंधार मिसळला की फरक १०४ येतो, आणि १०० च्या घराण्यात तो उपरा ठरून आवाज खरबरीत होतो. देवलांना साताऱ्यात बोचलेली तीच चार कंपने!

१४/ मग सर्वांत सरस तंबोरा कोणता? मिरजेचे उत्तर प्रश्नानेच मिळते : कोणासाठी? खुली जवारी एकाला भरदार वाटते, दुसऱ्याला गोंगाटी. ख्यालगायकाला हवी तशी गोलाई दुसऱ्या गायकास नको असते. यंत्राचे मोठेपण आकड्यांत मोजता येते. परंतु ते जुळले की नाही, हे कानच ठरवितो.

१५/ २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव सुरक्षित झाले, ही आनंदाची गोष्ट. तथापि मानांकन भोपळा पिकवीत नाही आणि जवारीही काढीत नाही. अवकाळी पावसाने वेल कुजला तर कारागिराचे वर्ष जाते. रियाजासाठी मोबाइलवरील तंबोरा पुरेसा मानणाऱ्या विद्यार्थ्याला दोरा सरकविण्याची गरजच उरत नाही. त्याला सूर तयार मिळतो, तो जुळविणारा कान मात्र घडत नाही.

१६/ तलवारीची धार पाहणाऱ्या नजरेने मिरजेत एकदा स्वतःला बदलून घेतले होते. ते शक्य झाले कारण समोर ऐकणारे होते. आज त्या गल्लीतील कानशीचा आवाज टिकवायचा असेल तर आधी ऐकणारेच घडवावे लागतील. प्रारंभ सोपा आहे : शांत खोलीत खरा तंबोरा लावा, डोळे मिटा आणि चार तारांमधून न लावलेला गंधार उमटेपर्यंत थांबा.